जलपात्रं वाटलीत, पण घासायची कुणी? शहरांच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मुख्याधिकारी,
राज्यातील सर्व महानगरपालिका व नगरपरिषदा
(पशुवैद्यकीय, उद्यान आणि कीटकनियंत्रण विभागांच्या माहितीसाठी)

विषय: शहरातल्या पक्ष्यांमधला देवी रोग आणि दाणा-पाण्याच्या भांड्यांची स्वच्छता

महोदय / महोदया,

मार्च उजाडला की शहरोशहरी जलपात्रांचं वाटप सुरू होतं. उद्यानांतल्या झाडांना मातीची परळं टांगली जातात, सोसायट्यांच्या गच्च्यांवर ठेवली जातात, फोटो छापून येतात. हेतूबद्दल आमची काहीच तक्रार नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या वाटीभर पाण्यावर एखाद्या पक्ष्याची दुपार निभावते. आमचा प्रश्न वाटपानंतरचा आहे. ही भांडी घासतं कोण? वाटपाच्या कागदावर त्याची ओळ नसते, म्हणून बहुतेक ठिकाणी ती कुणीच घासत नाही. शहरातल्या पक्ष्यांच्या अंगावर दिसणाऱ्या गाठींचा या न घासलेल्या भांड्यांशी आणि साचलेल्या पाण्यातल्या डासांशी थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र.

पापणीवर, चोचीच्या मुळाशी किंवा पायाच्या बोटांवर गाठी आलेलं कबूतर दिसलं की नागरिक फोन करतात. कुणी कॅन्सर म्हणतं, कुणी ॲसिड टाकलं म्हणतं, कुणी बर्ड फ्लूच्या धास्तीने सगळा थवाच उचलायला सांगतं. बहुतेक वेळा ती पक्ष्यांची देवी असते. कोंबड्या पाळणाऱ्यांना हा आजार जुना ओळखीचा आहे. त्याचे विषाणू ॲव्हिपॉक्स गटातले. कोंबडीचा, कबुतराचा, कॅनरीचा असे त्यांचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि जगभरात शेकडो पक्षिजातींत त्यांची नोंद झाली आहे. माणसाला हा आजार होत नाही. माणसाच्या कांजिण्यांशीही त्याचा संबंध नाही, त्या वेगळ्याच कुळातल्या विषाणूमुळे येतात. हे दोन मुद्दे आपल्या हेल्पलाइनवर बसणाऱ्या माणसाला नीट ठाऊक असले, तरी निम्मी घबराट फोनवरच विरेल.

आजाराची दोन रूपं आहेत. कोरड्या देवीत पिसं नसलेल्या कातडीवर आधी फिकट पुटकुळी येते, ती वाढून पिवळट आणि मग खरखरीत, काळपट खपलीची गाठ होते. साध्या प्रकरणात तीन-चार आठवड्यांत खपली गळते आणि पक्षी आपोआप बरा होतो. गाठ प्राणघातक ठरते ती जागेमुळे. दोन्ही पापण्या मिटल्या तर पक्ष्याला दाणा दिसत नाही आणि तो उपाशी मरतो. बोटांवर आली तर फांदी धरता येत नाही, आणि जखमेत जिवाणू शिरले तर बोट गळूनही पडतं. ओली देवी त्याहून वाईट. तोंडात, घशात आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळट थर साचतो. तो ओढून काढला तर रक्त येतं, नाही काढला तर वाढत जाऊन श्वास कोंडतो. कबुतरांच्या पिल्लांना हा आजार जास्त होतो, कारण त्यांचं डोकं अर्धवट उघडं असतं आणि घरट्यात बसून डास चुकवता येत नाहीत.

विषाणू धडधाकट कातडीतून आत जात नाही, त्याला ओरखडा किंवा टोचलेली जागा लागते. ही वाट डास करून देतात. आजारी पक्ष्याला चावलेल्या डासाच्या सोंडेवर विषाणू चिकटून राहतो आणि पुढच्या चाव्याबरोबर दुसऱ्या पक्ष्यात उतरतो. डासाच्या शरीरात त्याची वाढ होत नाही, डास निव्वळ वाहतूक करतो. दुसरी वाट भांड्यांची. गळलेल्या खपलीत विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो आणि सुकल्याने मरत नाही. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या टांगत्या फीडरला अरुंद भोक असतं. दाणा घ्यायला प्रत्येक पक्ष्याला त्यात डोकं खुपसावं लागतं, आणि आधीच्या पक्ष्याची पापणी जिथे घासली तिथेच पुढच्याची घासते. इतका चोख प्रसार मुद्दाम आखूनही साधला नसता. आपल्या उद्यान विभागाने हे फीडर विकत घेणं थांबवावं.

प्रत्येक गाठ देवीची नसते, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. कबुतरांच्या बोटांच्या गाठी शहरात बऱ्याचदा दोऱ्याच्या असतात. माणसाचा केस, शिलाईचा धागा किंवा मांजा बोटाभोवती आवळला जातो, त्यापुढचा भाग सुजतो, काळा पडतो आणि गळतो. भिंग घेऊन सुजेच्या मागच्या बाजूला पाहिलं तर खाचेत रुतलेला धागा दिसतो. तो कोमट पाण्याने भिजवून, बारीक टोकाच्या कात्रीने एकेक वेढा कापत काढायचा, ओढायचा नाही. असं कबूतर देवीच्या पिंजऱ्यात टाकलं तर बोटही जातं आणि वर खरी देवी लागते. तळव्याच्या खाली मध्यभागी आलेली गाठ सहसा कठीण, ओबडधोबड जागी बसून झालेल्या जखमेची असते. पायावर किंवा चोचीभोवती भुगा चिकटल्यासारखा पांढरट, सच्छिद्र थर असेल तर ते बारीक किड्याचं, नेमिडोकॉप्टिस नावाच्या खरजेच्या माइटचं काम. पाळीव बजरीगरच्या चोचीवर ते नेहमी दिसतं. त्यावर पशुवैद्याने वजनाप्रमाणे दिलेलं आयव्हरमेक्टिन चालतं. देवीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, तरी ते सर्रास टोचलं जातं. युरोपातल्या चॅफिंच या लहान पक्ष्याच्या पायांवर पॅपिलोमा विषाणूच्या चामखिळी येतात. त्या महिनोन्‌महिने हळूहळू वाढतात आणि पायापुरत्याच राहतात. परदेशी संकेतस्थळावरचा त्यांचा फोटो दाखवून आपल्या कबुतराचं निदान करू नये.

तोंडातला पिवळा थर तर हमखास फसवतो. ओल्या देवीसारखंच दिसणारं दुखणं ट्रायकोमोनास या एकपेशीय जिवामुळे होतं. ते कबुतरांत नेहमीचं आहे, आणि आजारी कबूतर खाणाऱ्या शिक्रा, घुबडासारख्या शिकारी पक्ष्यांनाही होतं. फरक पाहायला महागडी चाचणी लागत नाही. घशातला ओला स्वॅब कोमट सलाइनच्या थेंबात फिरवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हलणारे जीव दिसतात. उशीर झाला किंवा सलाइन गार असलं तर ते हलायचे थांबतात आणि अहवाल चुकून निरोगी येतो. ट्रायकोमोनासवर औषध आहे, देवीच्या विषाणूवर नाही. म्हणून ही पाच मिनिटांची तपासणी न करता पक्ष्याला ‘देवी’ म्हणून बाजूला ठेवणं म्हणजे बरा होणारा पक्षी घालवणं.

आता भांड्यांबद्दल, कारण आमची मुख्य मागणी तिथे आहे.

ट्रायकोमोनास वाळवल्याने मरतो, देवीचा विषाणू मरत नाही. त्यामुळे परळ नुसतं उन्हात उपडं ठेवून भागत नाही, आणि नुसतं विसळूनही भागत नाही. रीत अशी: रोज सकाळी पाणी पूर्ण ओतून द्यायचं, आतला बुळबुळीत थर काथ्याने किंवा ब्रशने घासून काढायचा, मगच नवं पाणी भरायचं. आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन क्लोरीनच्या पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं ठेवायचं, नंतर वास जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असतं. त्याचे १०० मिली आणि पाणी ९०० मिली. पालिकेकडची ब्लीचिंग पावडर ३० टक्के क्लोरीनची असेल तर लिटरभर पाण्याला १७ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला १७० ग्रॅम. ढवळून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचं पाणी वापरावं.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. विष्ठा आणि शेवाळ न घासता थेट क्लोरीनमध्ये बुडवलं तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतं. पावडरची गोणी गोदामात तोंड उघडं ठेवून पावसाळाभर पडली असेल तर तिच्यात जोर उरत नाही, मग १७ ग्रॅमचा हिशेब कागदावरच राहतो. तिसरी चूक धोक्याची: संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. सफाई कर्मचाऱ्यांना हे लेखी आणि तोंडी दोन्ही सांगावं, आणि रबरी हातमोजे द्यावेत. कबुतरांच्या विष्ठेतून माणसाला लागणारे आजार वेगळे आहेत, त्यासाठी वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नये, आधी भिजवावी आणि मास्क लावावा.

मातीचं परळ सच्छिद्र असतं. पाणी गार ठेवतं ही त्याची खुबी, आणि फटींत घाण धरून ठेवतं हा त्याचा दोष. त्यामुळे प्रत्येक जागेला दोन भांडी द्यावीत: एक वापरात, एक वाळत. तडे गेलेलं किंवा आतून खडबडीत झालेलं परळ फेकून द्यावं. आमचं मत विचाराल तर आतून चकचकीत लेप दिलेलं चिनी मातीचं, तीन-चार सेंटिमीटर खोलीचं, पसरट भांडं सर्वांत बरं. स्टीलचं भांडं दुपारी चटके देतं. वाटायच्या भांड्यांची संख्या निम्मी करावी लागली तरी चालेल, पण एकही भांडं माणसाच्या नावाशिवाय लागू नये. उद्यानात माळी, शाळेत शिपाई किंवा पर्यावरण गट, सोसायटीत समितीने नेमलेली व्यक्ती. नाव नसेल तिथे भांडंही नको.

दाण्याबद्दल आम्ही अधिक कठोर आहोत. शहरातल्या कबुतरांना दाण्याची गरज नाही. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून रान पेटलं ते माणसाच्या फुप्फुसांच्या आजारांमुळे, आणि ती काळजी रास्तच होती. पण एकाच चौकोनात शेकडो पक्षी एकमेकांच्या विष्ठेत चोच घालतात तेव्हा हाल पक्ष्यांचेही होतात, ही बाजू त्या गदारोळात फारशी कुणी मांडली नाही. दाणा टाकणं जीवदयेचं काम मानणाऱ्या मंडळींना आपले अधिकारी हे समजावून सांगू शकतात. दंडाच्या पावतीपेक्षा कदाचित याने जास्त फरक पडेल. चिमण्या-बुलबुलांसाठी कुणाला दाणा ठेवायचाच असेल तर तासाभरात संपेल इतकाच, सपाट ताटलीत, आणि उरलेला त्याच दिवशी उचलून. पावसात भिजलेल्या बाजरीला बुरशी धरते, ती वेगळी व्याधी.

गाठी असलेला एक जरी पक्षी भांड्यावर दिसला तर त्या जागेचा दाणा लगेच बंद करावा आणि नवा आजारी पक्षी न दिसता सलग दोन आठवडे गेल्यावरच पुन्हा सुरू करावा. त्या काळात पक्षी उपाशी मरत नाहीत, पांगतात, आणि पांगणं हेच हवं असतं. पाण्याला मात्र हा नियम एप्रिल-मेमध्ये लावू नये. भर उन्हाळ्यात पाणी काढून घेणं देवीपेक्षा महागात पडेल. तेव्हा भांडं दिवसातून दोनदा बदलावं आणि रोज क्लोरीनमधून काढावं. हे जमणार नसेल तर तेवढं एक भांडं बंद करून शेजारच्या जागी नवं ठेवावं.

डासांचं गणित आपल्या कीटकनियंत्रण विभागाला आमच्यापेक्षा चांगलं येतं. आपल्या हवामानात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. डेंग्यूच्या मोहिमेत घराघरांतल्या कुंड्या, टायर, कूलर तपासले जातात, पण पक्ष्यांच्या पाण्याला पुण्यकर्म म्हणून सूट मिळते. ती देऊ नये. रोज ओतलं जाणारं पाणी डासांना धार्जिणं नसतं, आठवडाभर तसंच राहिलेलं असतं. क्युलेक्स डास घाण पाण्यात, नाल्यांत, सेप्टिक टँकमध्ये वाढतो आणि रात्री चावतो, म्हणजे पक्षी झोपलेले असताना. पुण्यात मुळा-मुठेत जलपर्णी साचली की फेब्रुवारी-मार्चमध्ये डासांचा कहर होतो. जलपर्णी काढण्याच्या कामाचा लाभ नदीकाठी रात्रीची शाळा भरवणाऱ्या पक्ष्यांनाही आहे, एवढंच त्या फाइलवर नोंदवून ठेवावं. पाण्यात कीटकनाशकाचे थेंब टाकण्याचा उपाय मात्र कुणी सुचवला तर तो फेटाळावा.

डास आणि देवी यांनी मिळून काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण हवाई बेटांवर आहे. तिथे मुळात डास नव्हते. १८२६ मध्ये जहाजाच्या पाण्यातून क्युलेक्स डास माउई बेटावर उतरला, आणि पुढे देवी व पक्ष्यांचा मलेरिया यांनी तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांच्या कितीतरी जाती संपवायला हातभार लावला. त्या पक्ष्यांना या आजारांची सवयच नव्हती. आपल्या कबुतरांची, मैनांची तशी स्थिती नाही, त्यामुळे हवाईचं नाव घेऊन इथे भीती घालू नये. ब्रिटनची गोष्ट आपल्याला जास्त लागू पडते. तिथे २००६ पासून ग्रेट टिट या बागेतल्या पक्ष्याला देवीच्या मोठाल्या गाठी येऊ लागल्या आणि आजार देशभर कसा पसरला याचा नकाशा बऱ्याच अंशी सामान्य लोकांनी आपल्या बागांतून कळवलेल्या नोंदींवर उभा राहिला. आपल्याकडे तक्रारी येतात, त्यांची नोंद साठत नाही.

ती नोंद आपण सुरू करावी. तक्रार घेताना पक्ष्याची जात, तारीख, वॉर्ड, गाठ शरीरावर कुठे, सोबत एक फोटो, आणि जवळ दाण्या-पाण्याची जागा आहे का, एवढं पुरे. नमुन्याची गोष्ट वेगळी. गळलेली खपली कोरड्या, निर्जंतुक कुपीत ठेवून बर्फाच्या डब्यातून पाठवावी, तिच्यावर पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य ओळखणारी चाचणी, करता येते. मेलेल्या पक्ष्याच्या गाठीचा छेद आकारमानाच्या दहा पट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवावा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या छेदात बोलिंजर बॉडी, म्हणजे देवीच्या विषाणूमुळे पेशींत तयार होणारे ठिपके, दिसले की देवीचं निदान पक्कं होतं. दोन्ही एकाच बाटलीत घालू नये, कारण फॉर्मेलिनमुळे पीसीआर बिघडतो. नुसता वरच्या पुवाचा स्वॅब पाठवला तर अहवालात जिवाणू येतो, अँटिबायोटिक सुरू होतं आणि मूळ आजाराचं नावही निघत नाही. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ही या कामासाठी स्वाभाविक ठिकाणं आहेत. त्यांच्याशी आधीच लेखी बोलणी करून ठेवली तर कुरिअरमध्ये नमुना सडणार नाही.

एकाच ठिकाणी बरेच पक्षी एकाएकी मेले तर मात्र तो देवीचा प्रकार समजू नये. देवी हळूहळू मारते. अशा वेळी कुणीही हात न लावता जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना कळवावं. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, त्यामुळे ही खबरदारी आपल्या राज्याला सांगायची गरज पडू नये.

आजारी पक्षी सांभाळणारी केंद्रं बहुतेक खासगी किंवा धर्मादाय आहेत. त्यांना आपण जागा देता, अनुदान देता, तर काही अटीही घालाव्यात. देवीच्या पिंजऱ्यावर बारीक विणीची मच्छरदाणी हवीच. ती नसेल तर केंद्रातूनच शेजारच्या निरोगी पक्ष्यांना आजार जातो. निरोगी पक्ष्यांचं दाणा-पाणी आधी, देवीच्यांचं शेवटी, आणि भांडी पूर्णपणे वेगळी. खपली ओढू नये, कापू नये, डागू नये. हळद-तेल, चुना, रॉकेल लावू नये. तेलाने पिसं चिकटतात आणि पक्ष्याला अंगाची उष्णता धरून ठेवता येत नाही. डोळे दिवसातून दोनदा सलाइनने पुसावेत. घरी करायचं तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. पायाच्या गाठींना १० टक्के पोव्हिडोन आयोडीन नऊपट पाण्यात पातळ करून लावावं, डोळ्यात जाऊ देऊ नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या बिलकूल नकोत. डायक्लोफेनॅकने गिधाडांचं काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही डोळे मिटलेल्या कबुतराला भिजवून मऊ केलेले मटारचे दाणे एकेक करून जिभेमागे ठेवावेत, एका वेळी २५-३०, आणि पुढचं भरवण्याआधी गळ्याखालची खाद्यपिशवी रिकामी झाली का ते चाचपावं. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. चोचीचं टोक नाकपुडीपर्यंत पाण्यात धरलं की कबूतर स्वतः ओढून पितं. सगळ्या खपल्या गळून खालची कातडी कोरडी झाल्याशिवाय सोडू नये.

पोपट, मैना, बुलबुल, मोर असा वन्यपक्षी असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आपल्या हेल्पलाइनच्या टेबलावर चिकटवलेला असावा. आणि कोंबड्यांची देवीची लस शहरी कबुतरांना टोचण्याचा प्रस्ताव कुणी आणला तर तो परत पाठवावा. ती सहा-आठ आठवड्यांच्या कोंबड्यांना पंखाच्या पातळ पडद्यात टोचायची जिवंत लस आहे, मोकळ्या थव्यासाठी नाही.

पुढच्या मार्चच्या वाटपाचा ठराव आपल्याकडे साधारण जानेवारीत येईल. त्यात तीन बाबी वाढवाव्यात अशी विनंती आहे: प्रत्येक जागेला दोन भांडी आणि एक ब्रश, प्रत्येक भांड्यासमोर जबाबदार व्यक्तीचं नाव, आणि उद्यान विभागाच्या साप्ताहिक तपासणी तक्त्यात क्लोरीनने धुतल्याच्या तारखेचा रकाना. वितरणाच्या दिवशी भांड्याबरोबर द्यायचं अर्ध्या पानाचं मराठी-हिंदी सूचनापत्र आम्ही विनामूल्य तयार करून देऊ, आणि माळ्यांना भांडी धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवायलाही वॉर्डात येऊ.

आपले,
पक्ष्यांच्या आजारांवर काम करणारे काही पशुवैद्य आणि पक्षी-बचाव कार्यकर्ते